चालते दप्तर आणि निकट स्मृती : साठवणुकीच्या इतिहासाविषयी एक टिपण

लांजा तालुक्याच्या पूर्व अंगास, विशाळगडाच्या पायथ्याशी, प्रभानवल्ली नावाचे गाव आहे. आज ते खेडेच असले, तरी शिवकालातील ‘मामले प्रभावळी’ हे नाव त्याच्याशी निगडित आहे. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी या मामल्याचे सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेले पत्र मराठ्यांच्या महसूलनीतीच्या प्रत्येक अभ्यासकास परिचित आहे. ज्या कुळाजवळ माणूसबळ आहे पण बैल नाहीत, खावयास दाणा नाही, त्यास ते पुरवून जमीन लागवडीस आणावी आणि दिलेले मुद्दल त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू उगवून घ्यावे, असा त्या पत्राचा आशय आहे. पत्र सुप्रसिद्ध आहे. तथापि ज्या मुलखास उद्देशून ते लिहिले गेले, त्या मुलखातील वाचकास ते भेटते ते छापील ग्रंथाच्या पानावर, म्हणजे प्रतीच्या प्रतीवरून. यात तक्रार करण्याजोगे काही नाही. इतिहासाची बहुतेक साधने याच मार्गाने आपल्यापर्यंत येतात. परंतु मूळ कागद कोठे आहे, त्याची प्रत कोठे आहे, आणि त्यांपैकी हाताशी कोणती आहे, हे तीन प्रश्न निरनिराळे आहेत, एवढे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

लांज्याच्या परिसरात आजही जे जुने कागद शिल्लक आहेत, ते मुख्यतः खाजगी घरांत. १९४९ च्या मुंबई खोती निर्मूलन कायद्याने खोती गेली आणि तिच्याबरोबर खोतांच्या घरांतील मोडी रुमालांचा व्यवहारातील उपयोगही बव्हंशी संपला. ज्या कागदाचा रोजचा उपयोग संपतो, तो माळ्यावर जातो. आणि ज्या मुलखात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथे माळ्यावरच्या कागदास वाळवी व ओल यांपैकी कोणती आधी गाठेल, एवढाच प्रश्न उरतो. यास्तव अशा कागदांची छायाचित्रे घेऊन ती संगणकावर साठविण्याचे काम ठिकठिकाणी होत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. त्यासाठी परदेशी कंपनीच्या क्लाउडवर जागा भाड्याने न घेता, आपल्याच कार्यालयातील लहानशा सर्व्हरवर साठवणूक चालवावी, असा विचारही पुढे येतो. आणि तो मला इष्ट वाटतो. मात्र असे यंत्र उभे करणाऱ्यास लवकरच एक अनुभव येतो. चार माणसांनी एकाच वेळी संग्रह उघडला की यंत्र धापा टाकू लागते. त्यावर जाणकार जो उपाय सुचवितात, त्यास ‘मेमरी कॅशिंग’ असे नाव आहे. मी येथे त्यास ‘निकट स्मृती’ म्हणेन. हा विषय सकृद्दर्शनी निव्वळ यंत्रविद्येचा वाटेल. परंतु त्याचा इतिहास पाहू गेल्यास त्यात दप्तरखान्याचाच एक जुना प्रश्न नव्या वेषात उभा असलेला दिसतो. तो प्रश्न असा: कोणती गोष्ट विसरली गेली तरी चालेल?

नावाविषयी थोडे. ‘कॅश’ हा शब्द मराठी कानास रोकड या अर्थीच ऐकू येतो. संगणकातील ‘कॅश’ मात्र ‘लपविणे’ या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून आलेला, उच्चाराने सारखा पण कुळाने वेगळा असा शब्द आहे. तरीही हा गोंधळ अगदीच निरुपयोगी नाही. दुकानदार गल्ल्यात ठेवतो ते सुटे पैसे आणि तिजोरीत ठेवतो ते भांडवल, यांत जो भेद आहे तोच येथे अभिप्रेत आहे. गल्ला लहान, पण हात घातला की पैसा मिळतो; तिजोरी मोठी, पण उठून जावे लागते.

पेशव्यांच्या हुजूर दप्तराची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्या दप्तराचे अनेक विभाग होते. त्यांत दोन प्रमुख. एक ‘चालते दप्तर’, दुसरे ‘एक बेरीज दप्तर’. चालते दप्तर फडणिसाच्या हाताखाली असे. फड, बेहेडा, सरंजाम अशी त्याची अंगे होती आणि रोजचा हुकूम, रोजचा हिशेब त्यातून चाले. एक बेरीज दप्तरात सर्व खात्यांचे हिशेब येऊन त्यांचे वर्गीकरण होई, जमा, खर्च व बाकी यांचे गोषवारे तयार होत. आणि येथे एक लक्षणीय गोष्ट आहे. या दुसऱ्या दप्तराच्या कामास पेशव्यांचे सान्निध्य आवश्यक नसल्यामुळे ते कायम पुण्यास असे. ज्याची क्षणोक्षणी गरज ते हुकूम देणाऱ्याच्या निकट, आणि ज्याची गरज क्वचित पण ज्याच्यावाचून हिशेबाची खातरजमा होत नाही ते एका जागी स्थिर, असा हा विवेक आहे. दोनशेहून अधिक कारकून ज्या दप्तरात काम करीत, तेथे हा विवेक कोणी एकाने शोधून काढला असेल असे नाही. कामाच्या रेट्यानेच तो घडला असावा.

अशा तुलनेस मर्यादा आहेत, हे मी जाणतो. पुण्याच्या कारकुनांनी संगणकशास्त्राचा पाया घातला, असे म्हणणे हास्यास्पद होईल. दोहोंत वंशाचे नाते नाही. नाते आहे ते गरजेचे. जेथे साठा मोठा आणि हात एकच, तेथे साठ्याच्या पायऱ्या पडतात.

संगणकाच्या बाबतीत ही गोष्ट आरंभीच ओळखली गेली होती. १९४६ मध्ये बर्क्स, गोल्डस्टाइन व फॉन नॉयमन यांनी प्रिन्स्टन येथे लिहिलेल्या प्रसिद्ध अहवालात स्मृतींची उतरंड सुचविलेली आहे: प्रत्येक पुढची स्मृती आधीच्या स्मृतीहून मोठी, पण तितकीच मंद. मात्र कोणती माहिती कोणत्या पायरीवर ठेवावयाची, हे ठरविण्याचे काम त्या काळी आज्ञावली लिहिणाऱ्या माणसावर होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार होऊन १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या यंत्राची फेराइट-कड्यांची स्मृती ४० अंकस्थानांच्या २०४८ शब्दांची होती. आजच्या साध्या छायाचित्राचा एक कोपराही त्यात मावणार नाही. एवढ्या जागेत गणित बसवावयाचे म्हणजे काय ठेवावे व काय टाकावे याचा निर्णय माणसालाच पदोपदी करावा लागे, हे सांगणे नलगे.

हा निर्णय यंत्राकडे सोपविण्याचा पहिला मोठा प्रयत्न मँचेस्टरच्या ‘ॲटलास’ यंत्रात झाला. डिसेंबर १९६२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्यातील जलद स्मृती १६ हजारांवर शब्दांची आणि फिरत्या चुंबकीय पिंपावरील मंद स्मृती सुमारे सहापट मोठी होती. पण काम करणाऱ्यास दोन्ही मिळून एकच अखंड स्मृती भासावी, अशी योजना किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ५१२ शब्दांचे एकेक ‘पान’ पिंपावरून वर आणले जाई, आणि जागा कमी पडली की वरच्या पानांपैकी कोणते खाली धाडावे हे यंत्र मागील वापरावरून अदमासाने ठरवी. भूतकाळावरून भविष्याचे अनुमान करणारी ही पद्धत इतिहासाच्या विद्यार्थ्यास ओळखीची वाटेल. ती चुकतेही, हेही त्याला ठाऊक असेल.

यानंतरचे पाऊल मॉरिस विल्क्स यांचे. एप्रिल १९६५ मध्ये केंब्रिजच्या या संशोधकाने जेमतेम दोन पानांचे एक टिपण प्रसिद्ध केले. मुख्य स्मृती व गणन करणारे अंग यांच्यामध्ये एक लहान, अतिजलद ‘दास-स्मृती’ ठेवावी; मुख्य स्मृतीतून जे मागविले जाईल त्याची एक प्रत तीत आपोआप पडावी; पुन्हा तेच मागितले गेले तर मुख्य स्मृतीपर्यंत जाण्याची गरजच राहू नये. एवढीच कल्पना. विल्क्सचा मूळ शब्द आज वापरवत नाही. परंतु त्यातील आशय नेमका होता. ही स्मृती स्वतंत्र नव्हे. तिच्याजवळ स्वतःचे असे काही नसते. जे असते ते दुसऱ्याची प्रत.

१९६८ च्या जानेवारीत आय. बी. एम. कंपनीने ‘सिस्टिम ३६०’ मालिकेतील ८५ क्रमांकाचे यंत्र जाहीर केले आणि ही कल्पना बाजारात आली. त्यातील निकट स्मृती १६ ते ३२ किलोबाइटांची होती. मुख्य स्मृतीस उत्तर देण्यास एक मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ लागे, तर हिला ८० नॅनोसेकंद. या यंत्रावरील निबंध कंपनीच्या नियतकालिकासाठी आले, तेव्हा लेखकांनी तिला ‘अतिजलद मध्यस्थ साठा’ अशा अर्थाचे लांबलचक नाव दिले होते. संपादक लाइल जॉन्सन यांस ते रुचले नाही. त्यांनी ‘कॅश’ हा शब्द सुचविला आणि तोच रूढ झाला. संपादकाच्या लेखणीचा एवढा दीर्घजीवी परिणाम क्वचितच आढळतो.

उलट दिशेचे एक उदाहरण आपल्याकडचे आहे. पुण्यास १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. त्यातील टी-८०० जातीच्या ट्रान्सप्युटरवर चार किलोबाइटांची जलद स्मृती होती. पण ती आपोआप भरणारी निकट स्मृती नव्हती. काय तेथे ठेवावयाचे, हे आज्ञावली लिहिणाराच ठरवी. म्हणजे माणसाचा निर्णय आणि यंत्राचा अदमास या दोन्ही रीती कित्येक दशके शेजारी शेजारी नांदल्या.

आता महाजालाच्या काळाकडे वळू. येथे प्रश्नाचे स्वरूप किंचित बदलते. संकेतस्थळे चालविणाऱ्या आज्ञावलींपैकी फार मोठा भाग पीएचपी या भाषेत लिहिलेला आहे आणि या भाषेचा स्वभाव विस्मरणशील आहे. वाचकाने एक पान मागितले की कार्यक्रम जागा होतो, कोष्टकांतून माहिती काढतो, उत्तर देतो आणि सर्व विसरतो. दुसऱ्या क्षणी तेच पान दुसऱ्याने मागितले तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ. प्रत्येक अर्जासाठी नवा कारकून नेमावा आणि अर्ज निकालात निघताच त्यास घरी पाठवावे, तसा हा कारभार. १९९० नंतरच्या दशकात वर्दळ थोडी असताना तो खपून गेला. पुढे खपेना. २००३ मध्ये ‘लाइव्हजर्नल’ या संकेतस्थळासाठी ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी ‘मेमकॅशडी’ ही व्यवस्था तयार केली: अनेक यंत्रांची मोकळी स्मृती एकत्र जोडून कोष्टकांतून काढलेली उत्तरे तीत ठेवावयाची. २००९ मध्ये सिसिलीतील साल्वातोरे सान्फिलिप्पो यांनी ‘रेडिस’ प्रसिद्ध केले. तेही स्मृतीतच माहिती ठेवते, परंतु वाटल्यास तिची नोंद तबकडीवरही करते. आणि पीएचपीपुरती, एकाच यंत्रातील लहानशी सोय म्हणून ‘एपीसीयू’ आहे. या तिघांत क्षमतेचा फरक आहेच. पण त्याहून महत्त्वाचा फरक स्वभावाचा आहे, आणि त्याकडे बहुधा दुर्लक्ष होते.

घरच्या घरी क्लाउड चालविण्याची कल्पना फ्रँक कार्लित्शेक यांनी २०१० च्या जानेवारीत ‘ओनक्लाउड’ या नावाने मांडली. २०१६ च्या जूनमध्ये तिच्यातूनच ‘नेक्स्टक्लाउड’ निघाले. दोन्ही पीएचपीतच लिहिलेली. लांज्यातील एखाद्या वाचनालयाने वा शाळेने जुना संगणक, किंवा रास्पबेरी पाय ४ सारखे तळहाताएवढे यंत्र घेऊन त्यावर नेक्स्टक्लाउड बसविले, अशी कल्पना करू. संग्रहात मोडी कागदांची काही हजार छायाचित्रे आहेत. एखादी पेटी उघडावयाची म्हणजे प्रत्येक चित्राचे नाव, आकार, बदलाची वेळ, पाहणाऱ्याचा अधिकार, या साऱ्यांची कोष्टकात विचारपूस. चित्र उघडण्यापूर्वीच ही मिरवणूक निघते. निकट स्मृती नसेल तर ती दर वेळी नव्याने निघते.

नेक्स्टक्लाउडच्या मांडणीत निकट स्मृतीची तीन स्थाने वेगवेगळी दाखविता येतात. पहिले स्थानिक, म्हणजे त्या एकाच यंत्रापुरते. तेथे एपीसीयू योजतात. मूळच्या मांडणीत त्याला ३२ मेगाबाइट जागा असते आणि संग्रह मोठा असेल तर ती वाढवावी लागते. ठरावीक वेळी पार्श्वभूमीत चालणारी कामे आज्ञारेषेवरून चालतात; त्यांच्यासाठी एपीसीयू वेगळे सुरू करावे लागते, ही बारीक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून निसटते. दुसरे स्थान सामायिक, म्हणजे अनेक यंत्रांत मिळून; लहान संस्थेस त्याची खरी गरज नसली तरी रेडिस बसविलेलेच असल्यास ते तेथेही जोडतात. तिसरे स्थान कुलपांचे. आणि या लेखाचा मुख्य मुद्दा या तिसऱ्या स्थानाशी आहे.

कुलूप म्हणजे काय? दोन माणसे एकच सूची एकाच वेळी दुरुस्त करू लागली, तर एकाचे लिखाण दुसऱ्याच्या लिखाणाने पुसले जाऊ नये म्हणून, ‘ही फाइल सध्या अमुक कामात गुंतलेली आहे’ अशी क्षणभराची नोंद. वर सांगितलेली इतर सर्व सामग्री कोणाची तरी प्रत असते. चित्राच्या नावाची नोंद निकट स्मृतीतून गेली तर कोष्टकात ती आहेच. फार तर अर्धा सेकंद अधिक लागेल. कुलपाची नोंद मात्र निकट स्मृतीत ठेवली, की ती तेथेच असते, दुसरीकडे कोठेही नसते. ती प्रत नव्हे. ती स्वतःच मूळ आहे. मेमकॅशडीचा स्वभाव असा, की जागा कमी पडली तर जुनी नोंद ते मुकाट्याने टाकून देते. प्रतींच्या बाबतीत हा गुण आहे. मूळ नोंदीच्या बाबतीत तोच घात ठरतो. कारण कुलूप पडले आहे असे समजून निर्धास्त असलेल्या पहिल्या माणसाच्या हातून फाइल निसटते आणि कोणासही पत्ता लागत नाही. म्हणूनच कुलपांसाठी मेमकॅशडी वापरू नये, रेडिस वापरावे, असा निर्देश या व्यवस्थांच्या अधिकृत मार्गदर्शिकांत आहे. रेडिस नसेल तर कुलपे कोष्टकातच राहतात. ते मंद असते, पण अप्रामाणिक नसते. याच तर्काने, रेडिसमध्ये जागा संपल्यास जुनी नोंद टाकण्याची मुभा देणेही येथे धोक्याचे. मूळच्या मांडणीत ती मुभा नसते. वेगाच्या हव्यासाने ती देऊ नये.

हे वाचताना हुजूर दप्तराची पुन्हा आठवण होते. चालत्या दप्तरातील जो कागद एक बेरजेत उतरला, तो पुढे हरवला तरी हिशेब बुडाला असे होत नाही. जो उतरलाच नाही, त्याचे काय? दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत दप्तराची आबाळ झाली आणि सरकारी कागद लोकांच्या घरी गेले, असे पेशवाईनंतर कंपनीच्या अधिकाऱ्यांस आढळून आले. त्या काळाचा अभ्यास करणारास जी भगदाडे लागतात, ती केवळ कागद कमी लिहिले गेल्याची नव्हेत. जे हाताशी होते पण दुसऱ्या जागी उतरले नव्हते, त्या कागदांचीही आहेत. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून खाजगी घरांतून दप्तरे मिळवीत राहिले, यामागे हेही एक कारण आहे.

लांज्याच्या यंत्राचे पुढे काय? पावसाळ्यात वीज जाणार, हे गृहीत धरले पाहिजे. वीज गेली की एपीसीयूतील सर्व काही नाहीसे होते. त्याचे सुतक धरण्याचे कारण नाही. वीज परतल्यावर पहिली काही पाने सावकाश उघडतील, मग निकट स्मृती पुन्हा भरेल. रेडिसमधील जी कुलपे वाचली, पण ज्यांचा धनी उरला नाही, ती नेक्स्टक्लाउडच्या मूळच्या मुदतीप्रमाणे एका तासाने आपोआप उघडतात. तेवढा धीर धरावा. रेडिस त्याच यंत्रावर असेल तर ते बाहेरच्या जाळ्यास मुळीच जोडू नये, यंत्राच्या आतील सॉकेटनेच बोलावे. ते विश्वासाच्या परिसरासाठी बनविलेले आहे, चव्हाट्यासाठी नव्हे. या सर्व खटपटीस जाणत्या माणसाची एक दुपार पुरते.

परंतु तबकडीची गोष्ट वेगळी आहे. ज्या क्षणी माळ्यावरील रुमाल ओलीने गेला, त्या क्षणी तबकडीवरील छायाचित्र प्रत राहत नाही. तेच मूळ होते. निकट स्मृती कितीही उत्तम बसविली, तरी तिच्याजवळ त्या कागदाविषयी असतील ती नावे, आकार आणि अधिकार. खुद्द कागद तीत कधी नव्हताच. तेव्हा अशा संग्रहाची दुसरी तबकडी त्याच इमारतीत न ठेवता रत्नागिरीस किंवा पुण्यास ठेवावी, आणि रुमाल कोणाच्या घरचा, कोणत्या अवस्थेत व कोणत्या तारखेस पाहिला, ही टीप छायाचित्रासोबत लिहून ठेवावी. ती टीप मोडी वाचू शकणारा माणूस हयात असतानाच लिहिली जाणे आवश्यक आहे.